वाणात दिलेला आठवडा

माझ्या नोकरीला आमच्या घरात एकच शब्द होता, दुकान. सासरे सकाळी पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, "सूनबाई, आज दुकान कितीला उघडतंय?" आणि मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे, "रोजच्याच वेळेला, बाबा." लाटणं जरा जोरात फिरायचं, एवढंच. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. पण घरात नवीन होते, आणि सासरे असे की त्यांच्याशी भांडायला जागाच सापडायची नाही.

ते सरकारी शाळेतून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी पैसे घेऊन एक शिकवणी केली नाही. निवृत्तीनंतरही संध्याकाळी मोहल्ल्यातली मुलं बाहेरच्या खोलीत इंग्रजी शिकायला बसायची, फुकट शिकायची आणि वर सासूबाईंच्या हातचा चहा पिऊन जायची. विद्या विकू नये असं ते म्हणायचे आणि तसेच वागायचे. ढोंगी माणसाला चार शब्द सुनावता येतात. बोलतो तसंच वागणाऱ्याला काय सुनावणार? मनातल्या मनात चरफडत मी पर्स उचलायचे आणि निघायचे.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा सरकारी शाळांत भरती बंद होती. नवरा विमा कंपनीत, रतलामला रोज अपडाउन करायचा. सकाळच्या गाडीने गेला की रात्रीच परत. पेपरात रोज यायचं की बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या येणार, आता कम्प्यूटरचा जमाना आहे. त्याच सुमाराला देवास गेटला, बस स्टँडसमोर, एका मोटारपंपाच्या दुकानावर 'कम्प्यूटर सीखिए' असा पिवळा बोर्ड लागला. मी जिना चढून गेले आणि नाव घालून आले. कोर्स संपला तसं त्यांनी मलाच शिकवायला ठेवून घेतलं. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं. काल बाकावर बसलेला आज सर व्हायचा आणि त्याला एक धडा जास्त येत असला तरी पुरायचं.

मालकांना आम्ही सगळे भाईसाहब म्हणायचो. खालचं मोटारपंपाचं दुकान त्यांच्याच घरचं. शिक्षण बेताचं, पण माणूस डोक्याने फार तल्लख. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. तराना, घटिया, महिदपूर, कुठकुठची पोरं कॉलेजसाठी उज्जैनला येतात आणि तास संपले की बस सुटेपर्यंत स्टँडवर शेंगदाणे खात बसतात. त्या पोराला शिकवायला बोलवावं लागत नाही. तो बसलेलाच आहे, फक्त बसायची जागा बदलायची. म्हणून त्यांनी देवास गेटला क्लास काढला, आणि मग देवासला, शाजापूरला, आगरला, जिथे जिथे काढला तिथे तिथे आधी बस स्टँड बघितला. पुढे त्याची कंपनी झाली आणि शाखा पार नीमचपर्यंत गेल्या. बाहेरचे लोक त्यांना द्रष्टा वगैरे म्हणायला लागले तेव्हा मला हसू यायचं. त्यांनी फक्त बसचं टाइमटेबल पाठ केलं होतं.

एकदाच त्यांनी आपला सिद्धांत मोडला. उज्जैनच्याच फ्रीगंजमध्ये बँकेतली, रेल्वेतली, शाळा-कॉलेजांतली माणसं राहतात, आमची मराठी मंडळी पुष्कळ, घरोघरी शिकणारी मुलं. तेव्हा तिथे क्लास धावेलच असं त्यांना वाटलं. छान जागा घेतली, वातानुकूलित खोली केली, बाहेर चपला काढायचा रॅक ठेवला आणि शाखा माझ्या हवाली केली. आणि तिथे कुणी फिरकेना. नोकरदार माणूस आपल्या मुलाला गणिताच्या कोचिंगला पाठवील, पीएससीच्या तयारीला पाठवील, पण वरच्या मजल्यावरच्या कम्प्यूटरच्या दुकानात पाठवायचा नाही. त्या सगळ्या घरांत माझे सासरे बसलेले होते म्हणा ना. मी झाकून ठेवलेली मशीनं रोज पुसायचे आणि परत झाकून ठेवायचे.

दिवाळीनंतर भाईसाहब एकदा आले, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि शांतपणे म्हणाले की नवीन सत्रापर्यंत बघू, नाही जमलं तर मशीनं मंदसौरला हलवू. मला परत देवास गेटला घेणार का, ते काही बोलले नाहीत, कारण तिथे आता जागा नव्हती. म्हणजे माझं दुकान बंद होणार होतं. आणि ते बंद झालं की सासरे एक अवाक्षर बोलणार नाहीत, उलट फार मायेने वागतील, हे मला जास्त झोंबत होतं.

आता घरातल्या दोन बायकांविषयी सांगायला हवं. एक सासूबाई, त्यांना मी आई म्हणायचे. आणि दुसरी आत्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. मॅट्रिक झाली, लगेच लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा गेला. तेव्हा लोकांनी सांगितलं होतं, सासरीच राहू दे तिला, तेच बरं दिसतं. सासऱ्यांनी कुणाचं ऐकलं नाही, स्वतः जाऊन बहिणीला घेऊन आले. तेव्हापासून ती या घरात होती. मी आले तेव्हा चाळिशीची होती. स्वयंपाकघर तिचं, शिवणयंत्र तिचं, दुधाचा आणि धोब्याचा हिशेब तिचा. बोलायला अशी मिस्कील की मी रागाने पाय आपटत आले की म्हणायची, "आपट, आपट, खालच्या भाडेकरूला पण कळू दे तू घरी आलीस ते." मग मला हसायलाच लागायचं. तिचं काही कमी आहे असं घरात कुणालाच वाटायचं नाही, आणि मला वाटतं तिनेही तसं वाटू दिलं नव्हतं.

संक्रांत आली. आमच्याकडे रथसप्तमीच्या आतल्या एखाद्या शुक्रवारी हळदीकुंकू असायचं आणि त्याच्या आधी आठवडाभर एकच विषय, यंदा वाण काय लुटायचं. आईंचं म्हणणं, वाट्या झाल्या, साबणाच्या डब्या झाल्या, आणि गाळण्या तर प्रत्येकीकडे इतक्या झाल्या आहेत की त्याच गाळण्या आता घरोघर फिरून आपल्याकडेच परत येतात. मी वैतागलेली होतेच. पर्समध्ये भाईसाहबांनी छापून दिलेल्या गुलाबी कुपनांचा गठ्ठा तसाच पडून होता, एक सप्ताह कम्प्यूटर प्रशिक्षण नि:शुल्क. तो ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, घ्या, हे लुटा. मी थट्टाच केली होती. आईंनी एक कुपन उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "हे मात्र कुणी दिलेलं नाही अजून."

त्या दिवशी फ्रीगंज, माधवनगरच्या आमच्या सगळ्या ओळखीच्या बायका येऊन गेल्या. आईंनी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली आणि सुपारीबरोबर ते गुलाबी कुपन हातात ठेवलं. हे काय गं, असं एकीने विचारलं तर आई म्हणाल्या, सूनबाईच्या शाळेचं आहे. शाळा म्हणाल्या. मी अत्तरदाणी घेऊन मागेच उभी होते, मला एकदम बरं वाटलं.

आत्या तेवढा वेळ स्वयंपाकघरात. हळदीकुंकवाला ती बाहेर यायची नाही, वर्षानुवर्षांची रीत, तिला कुणी सांगायला लागायचं नाही. आतून मसाला दुधाचे पेले भरून द्यायची आणि बाहेर कोण कोण आलंय ते आवाजावरून ओळखायची. सगळ्या गेल्यावर आई आत आल्या. त्यांच्या हातात एक कुपन उरलं होतं. ते त्यांनी आत्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हे वाण नाही हं. नुसता कागद आहे. घे."

मला त्या बोलण्याचा इतका राग आला की मी पेले विसळायला घेतले आणि एक फोडला. द्यायचं ते द्यायचं आणि वर वाण नाही म्हणायचं! पण आत्याने कागद घेतला, नीट घडी घातली आणि कमरेला खोचला. मग माझ्या लक्षात आलं, वाण म्हटलं असतं तर तिने हात पुढे केला नसता. आईंना रीत मोडता येत नव्हती आणि नणंदेला वगळवतही नव्हतं. त्यांनी त्यांच्यापरीने वाट काढली होती. मला ती वाट पसंत नव्हती, अजूनही नाही, पण आत्या त्याच वाटेने बाहेर पडली हे खरं.

माझा हिशेब सरळ होता. बायका कुपन घरी नेतील, मुलांना देतील, मुलं येतील. त्यात एक गोष्ट मी पार विसरले, आणि मराठी घरात वाढून विसरले. वाण बायकांचंच असतं, फिरलं तर बाईकडून बाईकडेच फिरतं. ते मुलाला, भाच्याला देऊन टाकायचं नसतं, ते आपणच वापरायचं. सोमवारी दुपारी जेवणंखाणं, मागचं आवरणं उरकून जिन्यावर बांगड्यांचा आवाज सुरू झाला. एकामागून एक बायका आल्या, रॅकवर चपला काढल्या, पदर सावरला आणि खुर्च्यांवर बसल्या. सगळ्यांत मागे आत्या, हातात माझा जेवणाचा डबा.

पहिला दिवस काय सांगू! एकीला वाटलं मशीनला शॉक लागतो, ती पदराचं टोक बोटावर गुंडाळून बटणं दाबायची. एकीने विचारलं, उपासाच्या दिवशी चालतं का. एक सारखी म्हणायची की मी काही दाबलं नाही, आपोआप झालं. पण प्रत्येकीने आपलं नाव पडद्यावर उमटवलं आणि ते उमटलं की आजूबाजूच्या सगळ्याजणी उठून बघायला यायच्या. मी ओरडून ओरडून दमले. इतकी मजा मला त्या खोलीत तोवर कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाईसाहब आले. दारातच थबकले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मैडम, ये क्लास है कि कीर्तन?" मी सांगितलं की कुपनं घेऊन आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, कुपन विद्यार्थ्यांसाठी होतं, यातली एकही बाई पुढे कोर्स करणार नाही, वीज आणि मशीनं फुकट झिजणार, आजच बंद करा. मला त्यांचं म्हणणं खोटं पाडता येत नव्हतं. मग मी त्यांना वाण म्हणजे काय ते समजावलं. सवाष्णीला संक्रांतीचं वाण दिलं की ते परत मागत नाहीत. मागितलं तर देणाऱ्याच्या घराला चांगलं नाही. भाईसाहब साधं मशीन खोक्यातून काढायचं तरी चौघडियाचा शुभ मुहूर्त बघणारे. ते म्हणाले, "तो हफ़्ता पूरा कर लो. पर हफ़्ता ही."

त्या आठवड्यात दुपारची बिजली कटौती रोज असायची. बॅटरी थोडा वेळ चालायची, मग पडदे काळे. मुलांचा वर्ग असता तर पोरं उठून गेली असती. बायका उठल्या नाहीत. अंधारात बसून गप्पा सुरू. आणि गप्पा कसल्या, प्रत्येकीच्या घरात एक तरी अडलेलं गाडं होतंच. कुणाचा मुलगा बारावीत दोनदा राहिलेला, कुणाच्या मुलीला वडील इंदूरला पाठवायला तयार नव्हते, कुणाचा दीर बी.ए. होऊन गच्चीवर पतंग उडवत होता. त्या मला विचारायच्या, मी सांगायचे, हा कोर्स करता येईल, हा नको. आत्या मध्येच एखादा प्रश्न असा टाकायची की मला आणखी खरं बोलावं लागायचं. "आणि नोकरी लागते का गं याने?" तिने विचारलं. मी म्हटलं, लागतेच असं नाही, पण ज्यांना लागते त्यांना हे येतं म्हणून लागते. बायकांनी माना डोलावल्या.

आठवडा संपला. बायका गेल्या. आणि मग त्यांनी वाणाची फेड केली. ज्या घरचं वाण घेतलं त्या घराला आपणही काही द्यायचं असतं, ही तर आमच्यात रीतच आहे. पण गाळणी देऊन भागण्यासारखं नव्हतं. होळीच्या आतच मुलं यायला लागली. आईने पाठवलंय, काकूने पाठवलंय, मावशी म्हणाली तिथल्या मॅडम खोटं बोलत नाहीत. फी वडील भरतात, पण मुलगा कुठे जाणार हे घरात आई ठरवते, आणि या आया आत येऊन, खुर्चीवर बसून, सगळं डोळ्यांनी बघून गेल्या होत्या. जुलैत मला सकाळची आणखी एक बॅच काढावी लागली. मशीनं मंदसौरला गेली नाहीत. भाईसाहबांनी तीच कुपनं पुढच्या वर्षी शाजापूरला वाटली आणि काहीच झालं नाही. त्यांनी ती बस स्टँडवर वाटली होती, काय होणार?

आत्या मात्र आठवडा संपल्यावरही येत राहिली. तिला कुणी ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. दुपारी माझा गरम डबा घेऊन निघायची आणि पाचला परत जायची. डबा पोचवायला तीन तास कसे लागतात, हे सासऱ्यांनी कधी विचारलं नाही आणि आईंनी कधी सांगितलं नाही. तिने भैरवगढहून छापाचं कापड आणून सगळ्या मशीनांना खोळी शिवल्या, लाल-काळ्या बुट्ट्यांच्या. कम्प्यूटरपेक्षा खोळीच बघायला लोक येतात, असं ती म्हणायची. शिवणयंत्रावर चाललेले हात ते, अक्षरं लवकर सापडली. माझ्या बॅचबरोबर तीही शिकत गेली, एक कोर्स, मग दुसरा. आणि मी वर्गात असले की चौकशीला आलेल्या माणसाशी तीच बोलायची.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग भाईसाहबांनी उज्जैनमध्येच नानाखेड्याला स्वतःची इमारत बांधली, अर्थातच बस स्टँडच्या जवळ. आता नुसते कोर्स नाही, कॉलेज काढायचं होतं. मलाही त्यांनी शिकवायला तिकडेच नेलं. तिथे खालीच एक मोठा काउंटर केला. त्यावर इंग्रजी बोलणारा, टाय लावणारा मुलगा बसवला आणि गावाकडून आलेली माणसं त्याच्याकडे बघूनच परत जायला लागली. भाईसाहबांच्या हे लगेच ध्यानात आलं. ते मला म्हणाले की तुमच्या आत्याजींना विचारा, काउंटर त्यांनी सांभाळावा, रीतसर पगारावर.

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "मला हवीय ही नोकरी." तिने काही हवंय असं म्हटलेलं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, मग घ्या की. ती म्हणाली, दादाने हो म्हटल्याशिवाय नाही.

दादाला विचारायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. मी संध्याकाळी चहा देताना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, दुकान म्हणतील, मग मलाही बोलता येईल. ते चिडले नाहीत. पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी तिला काय कमी केलं?" त्यांचा आवाज असा झाला होता की माझी सगळी तयारी वाया गेली. दाराआड आत्या उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस या विषयावर घरात कुणी बोललं नाही. भावाने नको म्हटलं नव्हतं, पण हो आल्याशिवाय ती हलणार नव्हती. भाईसाहबांनी गुरुपौर्णिमेपर्यंत थांबतो म्हणून निरोप दिला. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांसाठी जीव तुटत होता.

आणि मध्येच भाईसाहब स्वतः आमच्या घरी आले. मिठाईचा डबा घेऊन. काम आत्याचं नव्हतं, सासऱ्यांकडेच होतं. कॉलेजची मान्यता घ्यायची तर कागदावर एक अनुभवी, नाव असलेला प्राचार्य लागत होता. त्यांनी हात जोडून सांगितलं की नाव फक्त आपलं राहील, यायची-जायची काही तसदी नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच खिळले. आता स्फोट होणार. पण सासरे शांतपणे म्हणाले, "जहाँ मैं नहीं जाता, वहाँ मेरा नाम कैसे जाएगा?" भाईसाहब गोंधळले. सासरे पुढे म्हणाले की आधी येऊन बघतो, मग नाही म्हणतो. न बघता नकार देणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. नाव त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही, भाईसाहबांनी दुसरं कुणी शोधलं, पण बघायला मात्र ते गेले.

कधी जाणार ते त्यांनी सांगितलं नव्हतं. शाळांची तपासणी ते अशीच करायचे, न कळवता. बारावीचे निकाल लागून गेले होते, नानाखेड्याला चौकशीची झुंबड. एक दिवस टायवाला मुलगा आला नव्हता, लग्नाला गेला होता. दुपारी आत्या डबा घेऊन आली तर काउंटरवर गोंधळ माजलेला. मी वर्गात, भाईसाहब इंदूरला. ती मला म्हणाली, आजच्यापुरतं बसते, आणि बसली. मी शेजारच्याच खोलीत होते, दार उघडं होतं.

रांगेत एक म्हातारा शेतकरी होता, साफा बांधलेला, बरोबर नातू. नातू बारावीत नापास. म्हाताऱ्याला त्याला मोठ्या कोर्सला घालायचं होतं, गावात कुणाचा तरी मुलगा करतोय म्हणून. आत्याने मुलाला विचारलं, काय आवडतं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, मोटर बांधायला, म्हणजे जळालेल्या मोटरीची तार नव्याने गुंडाळायला. तेव्हा आत्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबूजी, इनको यहाँ मत डालो. आईटीआई का फॉर्म भराओ, आखिरी तारीख निकली नहीं है अभी." कुठे जायचं, कोणती बस, तेही सांगितलं. म्हातारा नमस्कार करून गेला. भाईसाहबांनी हे ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता. मी हसत दाराशी आले आणि बघते तर रांगेच्या बाजूला, हातात छत्री घेऊन, सासरे उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते सरळ काउंटरकडे निघाले. कुठेही गेले तरी त्यांना पुढे जायची सवय, आणि लोकही त्यांना जाऊ द्यायचे. आत्याने मान वर केली. मला वाटलं आता ती उठून उभी राहणार, पदर घेणार आणि डबा उचलून घरी जाणार. ती उठली नाही. हळू पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "दादा, लाइनीत उभा राहा. हे सगळे तुझ्या आधी आलेत."

सासरे थांबले. मग वळले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे पुष्कळ माणसं होती. आत्या एकेकाशी बोलत होती, घाई न करता, आणि रांग सरकत होती. मी वर्गात परत जायला हवं होतं. गेले नाही.

त्यांचा नंबर आला. आत्याने आधीच्या सगळ्यांना विचारलं तेच त्यांना विचारलं, कुणासाठी आलात. सासऱ्यांनी छत्री काउंटरला टेकवून ठेवली. म्हणाले, "बहिणीसाठी आलोय. तिला इथे काम करायचंय." मग म्हणाले, "घरी आणलं तेव्हाच शिकवायला हवं होतं तिला. सगळ्या गावाची मुलं शिकवली, तेवढं राहून गेलं. आता हो म्हणायला आलोय."

आत्याचे डोळे भरले होते, पण आवाज तिचा नेहमीचा होता. ती म्हणाली, "बरं झालं आलास. पण अठरा पूर्ण असले ना दादा, की इथे पालकांची सही लागत नाही."

सासरे हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना क्वचितच बघितलं होतं. ते बाजूला होऊन भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले, दोन गावकऱ्यांच्या मध्ये, आणि आत्याने पुढच्या माणसाला हाक मारली.